चिंधी बांधलेली दांडी

नदीच्या वळणावर कोष्ट्यांचे एक गाव होते. गावात माग पुष्कळ होते, पण नीळघर एकच होते. त्या नीळघरात काशिबा निराळी नावाचा एक म्हातारा रंगारी राहत असे.

नीळघर म्हणजे एक काळोखी खोली. जाड भिंती, बुटके दार आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक मोठा रांजण. त्या रांजणात नीळ होती. नुसती पाण्यात कालवलेली नव्हे, तर चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून मुरवलेली, जिवंत नीळ. काशिबाच्या पणजोबांनी तो रांजण लावला होता. तेव्हापासून तो कधी पुरता रिकामा झाला नव्हता. थोडे काढायचे, थोडे घालायचे, एवढेच.

अशा रांजणाचा स्वभाव फार हळवा असतो. गार वारा लागला की तो मलूल होतो. आंबटाचा स्पर्श झाला की रुसतो. एकदा रुसला की पुन्हा हसेलच, याची खात्री कोणी देत नाही. म्हणून काशिबाशिवाय आत कोणी जात नसे. त्याच्या वडिलांनी त्याला बजावून ठेवले होते, "रांजण आपला नाही, गावाचा आहे. पण त्यात हात फक्त आपला." काशिबाने यातला पहिला भाग ऐकला होता आणि दुसरा भाग मनावर घेतला होता.

त्यामुळे नीळघराची रीत अशी पडली होती. कोष्टी आपले सूत वेळूच्या दांडीवर लडी करून आणत आणि पडवीत टेकवून ठेवत. काशिबा बाहेर येई. प्रत्येक लडी त्यांच्या दांडीवरून काढी, बोटांनी चाचपून पाही आणि आपल्या दांडीवर चढवी. मग ती दांडी घेऊन आत जाई. रंगवून झाले की पुन्हा तेच. आपल्या दांडीवरून लडी काढायची आणि ज्याच्या त्याच्या दांडीवर चढवायची. बाहेरचे काही आत राहू नये आणि आतले काही बाहेर जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता.

हेतू चांगला होता, पण सुताला हेतू कळत नाही. काढताना लडी गुंतत. चढवताना धागे तुटत. शिवाय सगळा दिवस काढण्या-घालण्यात जाई आणि रंगवायला संध्याकाळ उरे. पडवीत बसून कोष्टी कंटाळत. त्यांच्यात ढवळू नावाचा एक वात्रट माणूस होता. तो एकदा मोठ्याने म्हणाला, "काशिबाकाका, तुम्ही रंगारी की पिंजारी?"

सगळे हसले. काशिबाही कसनुसे हसला. लोक त्याला गर्विष्ठ समजत असत. तो गर्विष्ठ नव्हता, भित्रा होता. या दोन गोष्टी बाहेरून पुष्कळदा सारख्याच दिसतात.

सर्वांत जास्त नुकसान होई ते चंद्राक्काचे. चंद्राक्का एकटी राहणारी म्हातारी कोष्टीण होती. तिची नजर मंद झाली होती, पण तिच्या सुताइतके बारीक सूत गावात कोणाचे नव्हते. आणि बारीक सूतच आधी तुटते. परत आलेल्या लडीतले तुटके धागे शोधायचे आणि जोडायचे, हे काम तिच्या डोळ्यांना आता झेपत नव्हते. माग थांबला तर पुतण्याच्या दारात जाऊन बसावे लागणार, हे तिला माहीत होते. पुतण्या वाईट नव्हता, पण त्या दाराचा विचार आला की तिला जेवण जात नसे.

एके दिवशी ती काशिबाला म्हणाली, "दादा, एक विचारू? माझी दांडी आत गेली तर काय बिघडेल?"

काशिबाला प्रश्न कळला नाही. तिने समजावून सांगितले. लडी दांडीवरून काढायचीच कशाला? ज्या दांडीवर मी ती घरी चढवली, तीच दांडी आत जाऊ द्या. त्याच दांडीसकट लडी रांजणात बुडवा आणि त्याच दांडीसकट परत द्या. सूत जागचे हलणारच नाही.

"मग दांडी कोणाची म्हणायची?" काशिबाने विचारले.

"आत असताना तुमची, बाहेर असताना माझी."

काशिबा चार दिवस नीट झोपला नाही. त्याला सगळीकडून भीती वाटत होती. पण तुटलेले सूत पाहून त्याला वाईटही वाटत असे आणि शेवटी वाईट वाटणे भीतीपेक्षा थोडेसे वजनदार ठरले. त्याने सुताराला बोलावले. पडवी आणि नीळघर यांच्यामधल्या भिंतीत एक रुंद खिडकी पाडली. खिडकीच्या मधोमध एक मेढ रोवली. मेढीच्या डोक्यावर मोडक्या बैलगाडीचे एक चाक आडवे बसवले, कुंभाराचे चाक असते तसे. चाकाचा अर्धा भाग पडवीत आणि अर्धा आत. कडेला लोखंडी आकडे. आकड्याला दांडी अडकवायची आणि चाक ढकलायचे, की दांडी आपोआप आत. वारा येऊ नये म्हणून खिडकीला गोणपाटाचा जाड पडदा लावला.

एक नियमही ठरला. कोष्ट्याने दांडी अडकवायची, तिला तांबडी चिंधी बांधायची आणि हात काढायचा. चिंधी बांधली की दांडी काशिबाची. रंगवून झाले की काशिबाने चिंधी सोडायची आणि हात काढायचा. चिंधी सुटली की दांडी पुन्हा कोष्ट्याची. ज्याची दांडी नाही त्याने तिला बोट लावायचे नाही.

कोष्ट्यांचा म्होरक्या विसाप्पा मात्र नाराज होता. तो म्हणाला, "भिंत कशासाठी असते रे काशिबा?" काशिबा सुताराला खिळे द्यायला वळला.

चाक फिरू लागले. धागे तुटेनासे झाले. जेवढे सूत पूर्वी संध्याकाळपर्यंत होई, तेवढे दुपारच्या भाकरीआधी होऊ लागले. चंद्राक्काचा माग पुन्हा दिवसभर खडखडू लागला.

पण नियम करणे सोपे असते आणि हाताची सवय मोडणे अवघड असते. काशिबाचा हात थांबत नसे. चिंधी सोडून झाली तरी त्याला शंका येई, की लडी नीट निथळली की नाही. मग तो पडद्यातून हात बाहेर काढून ओल्या लडीला पुन्हा एकदा चाचपी. निळीचे सूत रांजणातून निघते तेव्हा निळे नसते. ते पिवळट हिरवे असते आणि हवा लागली की हळूहळू निळे होते. त्या वेळात कोणी हात लावला तर बोटांचे डाग राहतात. एकदा ढवळूच्या लडीवर असे डाग उमटले. तो लडी उंच धरून म्हणाला, "काका, तुमची पाचही बोटं आली की यावर. आता हे विकू कसं? देव्हाऱ्यात ठेवतो."

काशिबा ओशाळला आणि पुढे बरेच दिवस त्याने तो हात आवरला. दुसरी सवय मात्र तशीच राहिली. ती चांगुलपणातून आलेली होती, म्हणून कोणाच्या ध्यानात आली नाही, त्याच्याही नाही.

आत आलेली दांडी तपासून ती नापसंत करायची आणि चिंधी सोडून परत फिरवायची, हे त्याच्या जिवावर येई. चारचौघांत एखाद्याची दांडी परत गेली तर त्याला काय वाटेल? म्हणून तो आधीच पडद्यातून हात बाहेर काढी. पडवीतल्या दांडीवरच्या लडी चाचपी. कुठे तेलकट नाहीत ना, कुठे खळीचे सूत नाही ना, हे पाही. मागावर ताणण्याआधी सुताला कांजीची खळ पाजतात. ती कांजी आंबलेली असते आणि रांजणाला तेच वर्ज्य. सगळे बरे वाटले की तो म्हणे, "ठीक." मग कोष्टी चिंधी बांधी आणि चाक ढकली. त्यामुळे कोणाची दांडी कधी परत गेली नाही. लोक म्हणत, काशिबा माणूस मोठा भला.

त्याचे "ठीक" आणि कोष्ट्याची चिंधी यांच्यामध्ये एक छोटीशी फट होती. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

थंडीचे दिवस आले. रांजण आधीच मलूल होता. काशिबा त्याच्याभोवती कोंडा पेटवून ऊब धरत असे. अशा एका सकाळी पडवीत गर्दी होती. चंद्राक्काने दांडी अडकवली. काशिबाने हात बाहेर काढून लडी चाचपल्या आणि म्हटले, "ठीक."

चंद्राक्का चिंधी बांधणार, एवढ्यात तिला एक लडी गाठाळ वाटली. आपल्या हातचे असे सूत रंगायला जावे, हे तिच्या मनाला लागले. तिने ती लडी काढून बरोबरच्या टोपलीत टाकली आणि टोपलीतून दुसरी घेतली. एरवी तिच्या बोटांनी कुठलेही सूत ओळखले असते. पण थंडीने तिची बोटे उलली होती आणि त्यांना तेलाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. त्यात मागून ढवळूची घाई चालली होती. "अक्का, लडी रंगवायची आहे. सासरी पाठवायची नाही."

लोक हसले. चंद्राक्काही हसली. तिने दुसरी लडी चढवली, चिंधी बांधली आणि चाक ढकलले. पाठोपाठ ढवळूची दांडी आत गेली.

दुसऱ्या दिवशी काशिबाने रांजणावरचे झाकण काढले. रोज वर तांबूस जांभळी साय असे. आज ती नव्हती. वासही बदलला होता. त्याने एक जुना धागा बुडवून पाहिला. धागा हिरवा निघाला नाही आणि निळाही झाला नाही. राखेसारखा झाला. काशिबा तिथेच रांजणाच्या काठाशी बसला. पणजोबा, आजोबा, वडील, या सगळ्यांनी जपून आणलेली एक गोष्ट आपल्या हातात येऊन थांबली, असे त्याला वाटले. त्याने दार उघडले तेव्हा लोकांना त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळले.

बातमी घरोघर गेली. चंद्राक्का तेव्हा मागावर पांढरा ताणा लावत होती. टोपलीतल्या खळीच्या लडी एकेक करून काढत होती. तेवढ्यात तिच्या हाताला एक गाठाळ लडी लागली. ती कोरी होती, खळ न लावलेली. पट्टीतूनही तिला ती गाठ कळली. आणि मग तिला दुसरी गोष्ट कळली. त्या टोपलीत खळीशिवाय दुसरे सूत नव्हतेच. मग आपण काल दांडीवर काय चढवले?

ती ताण्याशी तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने पदर खोचला आणि नीळघराकडे निघाली.

पडवीत सगळा गाव जमला होता. विसाप्पाने गवंडी आणला होता. विटा आल्या होत्या, चिखल कालवलेला होता. विसाप्पा रागावलेला नव्हता. तो घाबरलेला होता, कारण निळी लुगडी हीच त्या गावाची ओळख होती. तो म्हणत होता, की चाक काढा, भोक बुजवा, पूर्वीची रीत सुरू करा. काशिबा हात जोडून सांगत होता, की चाक वाईट नाही, चाकाने गावाचे भलेच केले आहे. बोलणे बराच वेळ चालले. शेवटी विसाप्पा एका अटीवर थोडा नरमला. आंबट सूत ज्याने घातले तो सापडू दे. त्याला नीळघर बंद करू आणि चाक राहू देऊ.

सगळ्यांच्या नजरा ढवळूकडे वळल्या. ओले सूत कोरडे म्हणून आणणे, जाड सूत बारकात मिसळणे, असले उद्योग त्याने पूर्वी केले होते. काल त्याचीही दांडी आत गेली होती.

ढवळू म्हणाला, "आजवर मी केलेल्या लबाड्या मला तोंडपाठ आहेत. ही त्यांच्यात नाही."

लोक नेहमीप्रमाणे हसले. पण ढवळू हसला नाही. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि मग तो खाली बसला. इतकी वर्षे लोकांना हसवले, त्याची किंमत त्याला त्या घटकेला कळली असावी.

विसाप्पाने निकाल सांगितला. ढवळूचे सूत यापुढे या नीळघरात येणार नाही. चाक राहील. गवंड्याने थापी धुवायला घेतली.

चंद्राक्का पडवीच्या पायरीवर उभी होती. चाक राहणार होते. तिचा माग राहणार होता. त्यासाठी तिला काहीच करायचे नव्हते, फक्त गप्प राहायचे होते. आणि खरे बोलले तर काय होईल, हेही तिला दिसत होते. लबाड माणूस सापडला म्हणून चाक वाचले होते. भले माणूस सापडले तर ते वाचणार नव्हते. बोलावे की बोलू नये, हे तिच्या जागी मला ठरवता आले असते की नाही, कोण जाणे.

ती वर आली आणि म्हणाली, "ढवळूला उठवा. ते सूत माझं होतं."

तिने सगळे सांगितले. गाठाळ लडी, टोपली, बोटांच्या पट्ट्या. ढवळूने घाई केली होती, हे तेवढे तिने सांगितले नाही. ते ढवळूने स्वतःच सांगितले.

विसाप्पाने कपाळाला हात लावला. तो म्हणाला, "अक्का, तू बोलायला नको होतंस. लबाडाला दाराबाहेर ठेवता येतं. चुकणाऱ्याला कुठे ठेवायचं? चुकणारे तर आपण सगळेच. आता भोक बुजवण्यावाचून इलाज नाही."

गवंड्याने धुतलेली थापी पुन्हा चिखलात घातली. चंद्राक्काने मान खाली घातली. पुतण्याचे दार तिला इथूनही दिसत होते.

तेव्हा काशिबा पुढे आला. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. तो चंद्राक्काकडे वळून म्हणाला, "अक्का, मी 'ठीक' म्हणालो तेव्हा दांडी कोणाची होती?"

"माझी. चिंधी बांधायची राहिली होती."

"आणि तू लडी बदललीस तेव्हा?"

"तेव्हाही माझीच."

"मग तू तुझ्या वस्तूला हात लावलास. नियम तू मोडला नाहीस." काशिबा आता सगळ्यांकडे वळला. "मी मोडला. जी वस्तू अजून माझी नव्हती तिला मी हात लावला, ती पाहिली आणि ठीक म्हणालो. जी माझी झाली तिच्याकडे मात्र पाहिलंच नाही. दुसऱ्याच्या हातातल्या वस्तूला ठीक म्हणण्यात काय अर्थ आहे? ती पुढच्या श्वासाला बदलू शकते, आणि ते बदलणं हा गुन्हाही नाही."

विसाप्पाने विचारले, "मग आता काय म्हणतोस?"

काशिबा म्हणाला, की आधी चिंधी, मग चाक, मग माझा हात. दांडी पुरती आत आली, बाहेरच्याचा हात तिथवर पोचेनासा झाला, की मी तपासीन. रांजणात बुडवायच्या आधी, पण माझी झाल्यानंतर. बरी नसेल तर चिंधी सोडून परत फिरवीन.

"लोकांना अपमान वाटेल," विसाप्पा म्हणाला.

"त्या भीतीनेच तर हे झालं," काशिबा म्हणाला.

मग खाली बसलेला ढवळू हळूच म्हणाला, "परत फिरवायला माझ्या दांड्यांपासून सुरुवात करा, काका. मला सवय आहे."

त्या दिवशी लोक दुसऱ्यांदा हसले, पण ते हसणे वेगळे होते. एकाने त्याला हात देऊन उठवले.

विसाप्पाने पुष्कळ विचार केला. भिंतीवरचा त्याचा भरवसा एका दिवसात जाणारा नव्हता आणि जायलाही नको होता. तो म्हणाला, की रांजण जगला तर चाक फिरेल. नाही जगला तर फिरवायला काही उरणारच नाही. विटा मात्र इथेच राहू देत. त्या पाहून आपल्याला आठवण राहील.

मग रांजणाची शुश्रूषा सुरू झाली. आत काशिबाशिवाय कोणी गेले नाही. पण बाहेरून गावाने हात लावला. कोणी गूळ आणला, कोणी ताजा चुना, कोणी टाकळ्याचे बी निवडून, उकडून आणले. आणणारा गाडगे चाकावर ठेवी, चिंधी बांधी आणि हात काढी. गाडगे आत आले की काशिबा ते हुंगून, चाखून पाही आणि मगच रांजणात घाली. एकदा चंद्राक्काने आणलेला गूळ त्याला आंबूस लागला. तो बराच वेळ गाडगे हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने चिंधी सोडली आणि चाक परत फिरवले. बाहेर चंद्राक्काने गाडगे उतरवून घेतले, गूळ चाखला, तोंड वाकडे केले आणि दुसरा आणायला घरी गेली. एवढेच झाले. ज्या गोष्टीला काशिबा इतके दिवस भ्याला होता ती एवढीशी होती.

रांजणाला सावरायला बरेच दिवस लागले. मध्ये एकदा काशिबाने आशा सोडलीही होती. पण एका सकाळी झाकण काढताच त्याला जुना ओळखीचा वास आला. पाण्यावर साय धरली होती. पातळ होती, पण तांबूस जांभळी होती. त्याने धागा बुडवला. धागा हिरवा निघाला.

पहिली दांडी कोणाची घालायची, यावर पडवीत चर्चा झाली नाही. चंद्राक्काला सगळ्यांनी पुढे केले. तिने दांडी अडकवली. आता तिच्या बोटांना पट्ट्या नव्हत्या. प्रत्येक लडी तिने दोन-दोनदा चाचपली. मागे ढवळू उभा होता. तो त्या दिवशी काही बोलला नाही.

पडद्याआडून काशिबाचा हात सवयीने बाहेर यायला निघाला. गोणपाट हलले. सगळ्यांनी ते पाहिले. मग गोणपाट पुन्हा स्थिर झाले.

चंद्राक्काने चिंधी बांधली. बांधल्यावर तिला वाटले, कडेची लडी किंचित तिरकी बसली आहे. तिचा हात उचलला गेला. तो तिने मधेच थांबवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. ढवळूने चाक ढकलले आणि दांडी आत गेली.

आत काशिबाने दांडी उतरवली. दिव्याच्या उजेडात धरली. लडी एकेक करून तपासल्या. कडेची तिरकी लडी सरळ केली, कारण आता दांडी त्याची होती. मग त्याने ती रांजणात बुडवली, वर काढली, निथळू दिली आणि पुन्हा आकड्याला अडकवली. चिंधी सोडली. चाक बाहेर ढकलले आणि हात मागे घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

पडवीत दांडी आली तेव्हा लडी हिरव्या होत्या. चंद्राक्काची दांडी होती, तिला हात लावता आला असता. तिने लावला नाही. ती चाकासमोर पायरीवर बसून राहिली. हवा लागू लागली. हिरवा रंग कडेने गडद होत गेला, मग धाग्याच्या आत उतरला. चंद्राक्काच्या मंद डोळ्यांनाही दिसेल इतकी निळाई तिच्यासमोर हळूहळू उमलली. त्यावर बोटाचा एकही डाग नव्हता. ना तिचा, ना काशिबाचा.

आतून काशिबाने विचारले, "अक्का, आला का गं रंग?"

"आला, दादा," चंद्राक्का म्हणाली. "तुम्ही आता बघू नका. मी बघते आहे."

कोपऱ्यातल्या विटा पुढे कधीतरी कोणीतरी चूल मांडायला नेल्या. विसाप्पाने त्याबद्दल चौकशी केली नाही.

तात्पर्य: दोघांची वस्तू नुसत्या भिंतीने राखता येत नाही आणि नुसत्या भल्या मनानेही नाही. दिली की देणाऱ्याने हात काढून घ्यावा, आणि घेणाऱ्याने ती पुरती आपल्या हाती आल्यावरच पारखावी.